धाकल्या टाकीवरचा शेंदूर

आमगावजवळून,
कार्तिक, सन १९५७

प्रिय प्रेमिला,

अक्षर पाहून तुला वाटेल, हे बाबांचं पत्र. तुझं लग्न झाल्यापासून इथून तुला गेलेलं प्रत्येक पत्र माझ्याच हातचं आहे. ते ओसरीवर बसून सांगतात, मी लिहिते, आणि कागदावर जागा उरली तर शेवटी ‘मावशीचा आशीर्वाद’ एवढी ओळ माझी असते. आज ते घरी नाहीत. धान घेऊन गोंदियाला गिरणीवर गेलेत, परत यायला दिवे लागतील. सांगणारं कोणी नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेच मला सुचेना. दौतीत टाक बुडवून मी कितीतरी वेळ अंगणातल्या कोंबड्या पाहत बसले. तुझ्या बाबांचं बरं असतं. ते ‘लिही, सर्व ठीक’ म्हणतात आणि पत्र सुरू होतं.

सर्व ठीक आहे. हलकं धान निघालं, भारी अजून शेतातल्या बांधीत उभं आहे. यंदा तलाव काठोकाठ भरला होता, त्यामुळे शेवटचं पाणीही मिळालं. काबरी गाय परवा व्याली, गोऱ्हा झाला. तिच्या वेळेला मी गोठ्याच्या दाराशीच उभी राहिले आणि धुरपताबाईला हाक मारली. गावातल्या सगळ्या बायकांची सुईण ती, गाईचंही तिनंच केलं. शेजारचे भैयालालभाऊ कुंपणावरून म्हणाले, “काऊन वहिनी, गाईले हात लावाले भेव वाटते का?” मी हसून घेतलं. त्यांच्या तोंडाला लागून कोणाचं भलं झालंय.

तुझा निरोप पोचला. दसऱ्यानंतरच्या बाजाराला तुझे बाबा देवरीला गेले होते, तिथं त्यांना जावई भेटले. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले, आणि खांबाला टेकून म्हणाले, “पोरगी म्हनते, मी इथंच राहतो.” पुढे काही नाही. मीही विचारलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्यात तुमच्या गावाहून चिचगडपर्यंतसुद्धा दवाखाना नाही, आणि इथं आमगावात डॉक्टरीणबाई आहे. तिला मी तुझ्याबद्दल आधीच विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, सातवा सरायच्या आत आणा, नंतर त्या रस्त्यानं मी आणू देणार नाही, आणि बैलबंडीनं तर मुळीच नको. म्हणजे कार्तिक संपायच्या आत तू आलीस तर आलीस. हे सगळं मनात धरून मी डिंक निवडून ठेवला होता, जवस भाजून ठेवला होता. तुझ्या बाबांचं ते एक वाक्य ऐकलं आणि डबा फळीवर वर सरकवून ठेवला. तो अजून तिथंच आहे.

आता गाडीचं सांगते. तुला वाटेल, मध्येच गाडी कुठून आली. पण दसऱ्यापासून या घरात दुसरा विषय नाही.

गाडी आली तो दिवस तुला आठवतो का? लढाईत वापरून झालेल्या मिलिटरी गाड्यांचा कामठीला लिलाव झाला, त्यातून तुझे बाबा ती घेऊन आले होते. मागे उघडा हौदा, पुढे बसायला एक लांब बाक, आणि पोटाखाली दोन बाजूंना पेट्रोलच्या दोन टाक्या. चालवणाऱ्याच्या पायाशी पितळेची तोटी. ती एकीकडे वळवली की डाव्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला जाणार, दुसरीकडे वळवली की उजव्या टाकीतलं. सगळं गाव पाहायला जमलं होतं. आपले कोहळी म्हातारे काठ्या टेकून खाली वाकून पाहत होते. एका गाडीले दोन तलाव कायले, असं कोणीतरी विचारलं. जंगलात पेट्रोल मिळत नाही, एक संपली की दुसरी, असं तुझ्या बाबांनी समजावून सांगितलं. तेव्हा भैयालालभाऊंनीच नावं ठेवली, थोरली अन् धाकली. “टिकारामले सारं जोडीनंच लागते,” ते तुझ्या बाबांकडे पाहून म्हणाले, आणि सगळे हसले. तुझ्या आईला, देवकाबाईंना, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि बाबांची दुसरी बायको म्हणून आलेली मी या घरात रुळले होते. मीही पदर तोंडाला लावून हसले. तू तेवढी हसली नाहीस. तू बाकावर चढून बसली होतीस. तिथून मला विचारलंस, “मावशी, धाकलीत पेट्रोल कमी रायते का?” मी म्हटलं, नाही गं, दोन्हीत सारखंच.

त्यानंतर तू बाबांच्या शेजारी समोर बसायचीस आणि मी मागे, पोत्यांवर. मला कोणी मागे बसवलं नव्हतं. मीच बसायची. समोर तुम्हा दोघांना पाहत जायला मला बरं वाटायचं. फक्त तुला पेट्रोलचा वास सोसायचा नाही. पहिल्याच फेरीला सालेकशाच्या वळणावर तुला उलटी झाली. मग मी पदराच्या टोकाला चिंचेचं बुटुक बांधून ठेवायला लागले. गाडी हलली की तू मागे हात करायचीस, न बघता, आणि बोटांनी माझी गाठ शोधून सोडायचीस. मोठी झालीस, साडी नेसायला लागलीस, तरी हात मागे यायचा.

दर दसऱ्याला गाडीची पूजा तूच करायचीस. मागच्या दसऱ्याला सासरहून आली होतीस, तेव्हाही तूच केलीस. यंदा पहिल्यांदा ते माझ्यावर आलं. तू करायचीस तसंच करावं म्हणून मी आठवून आठवून केलं. चाकांना हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ, आपट्याची पानं. थोरल्या टाकीच्या झाकणावर तुझ्यासारखंच पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट. धाकलीला तू कधी काही लावायची नाहीस, ती पलीकडच्या अंगाला, भिंतीकडे असायची म्हणून. यंदा मला वाटलं, चिचगडच्या जंगलातून प्रेमिलाला आणायचं तर परतीची अर्धी वाट हिच्यावरच यायची आहे, हिलाच सगळ्यात आधी देवाचं नाव लागायला हवं. म्हणून मी शेंदूर घेतला, मारुतीला लावतात तसा, घरच्या जवसाच्या तेलात चांगला घट्ट कालवला, आणि धाकलीच्या झाकणावर बोटानं दाबून दाबून लावला. वर अक्षता चिकटवल्या. पुढच्या दसऱ्यापर्यंत निघायला नको असा लावला.

त्याच आठवड्यात गाडी रुसायला लागली. थोरलीवर असली की बैलासारखी सरळ चालायची. तोटी धाकलीकडे वळवली की थोडं अंतर जायची, मग खोकायची, मग मरायची. पहिल्यांदा ती आमगावच्या रेल्वे फाटकाजवळ मेली. तुझे बाबा उतरले. पेट्रोल संपलं असेल म्हणून धाकलीचं झाकण काढून आत काठी घालून पाहिली, तर काठी अर्धी भिजून आली. झाकण लावलं, गाडी सुरू केली, तर सुरू झाली. त्यांना वाटलं, काठीनं तळाचा गाळ हलला. पुढे गेले, पुन्हा मेली. पुन्हा काठी, पुन्हा सुरू. गोंदियाला जाईपर्यंत असंच. शेवटी थोरलीवर परत आले. देवरीला गेले तेही थोरलीवरच, आणि तिच्यातलं तेवढंच पेट्रोल पुरलं.

तू म्हणशील, डब्यात पेट्रोल घेऊन जायचं आणि थोरलीतच ओतायचं. तेही बोलणं तुझा निरोप यायच्या आधीच झालं होतं. पण डबा हौद्यात ठेवायचा म्हणजे तो हिंदकळणार, आणि तुला निजवून आणायचं तेही हौद्यातच, धानाच्या तणसावर. नुसत्या वासानं लहानपणी तुझं काय व्हायचं ते मला माहीत आहे. आता तर तू दोन जिवांची. मी नाही म्हटलं. तुझ्या बाबांनी वाद घातला नाही. ते गाडीखाली शिरले.

प्रेमिला, तुझा नकार घेऊन आल्यावरही हे चालूच राहिलं, हे लक्षात घे. गोंदियाच्या गिरणीची फेरी एका टाकीत होते. बाजाराची होते. धाकली लागते ती फक्त तुझ्याकडे यायला. आणि तू येत नाहीस असं स्वतः सांगितलेला माणूस रोज शेतावरून आला की कमरेला गमछा बांधून धाकलीखाली जाऊन निजायचा. मी एकदा विचारलं, एवढी घाई काय आहे तिची? तर म्हणाले, बिघडलेलं तसंच ठेवू नये. मी पाण्याचा तांब्या चाकाशी ठेवून आत आले.

त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. इंजिनाजवळ काचेची एक वाटी असते, तिच्यात पेट्रोलमधला कचरा साचतो. ती खोलली, चिमूटभर गंज निघाला, धुऊन लावली. गाडी तशीच. मग धाकलीपासून तोटीपर्यंतची नळी सोडवली, सायकलचा पंप लावून तिच्यात हवा मारली. हवा आरपार. नळी स्वच्छ. मग तोटी खोलली, तिच्या आतलं चामडं बदललं. पुन्हा तसंच. शेवटी एक दिवस सगळं पेट्रोल परातीत आणि डब्यांत काढून टाकीचा तळ हातानं चाचपला. मी विचारलं, तळच का बघता सारखा? तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. “पानी नाही आलं तं आपन कुठं पाहतो? तुडुमापाशीच ना?”

खरंच आहे. तुमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. बांधीत पाणी आलं नाही की कोहळी माणूस तलावाच्या पाळीच्या पोटातल्या, पाणी सोडायच्या तुडुमाशी जातो, त्याचं तोंड साफ करतो, गाळ काढतो. खालीच पाहतो. वर पाहायचं कारणच नाही, वर नुसतं आभाळ. तलावाला झाकण कुठं असतं.

मग गोंदियाला श्यामलाल मिस्त्रीकडे नेली. स्टेशनच्या मागे त्याचं दुकान आहे, माणूस चांगला, पण कामाचा रगाडा फार. त्यानं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. सगळ्या सांध्यांना शेंदूर लावून पक्कं केलं, कुठून हवा शिरत असेल तर शिरू नये म्हणून. मी त्या दिवशी सोबत होते, हौद्यात बसून. मी वरून म्हटलं, पंप तर एकच आहे ना भाऊ, मग थोरलीवर बरा कसा चालतो? श्यामलाल हसला, “काकी, बात तो सही है।” पण दुसरं काही त्यालाही दिसेना. झाकण उघडून त्यानंही आत पाहिलं, गाडी सुरू झाली, आमगावच्या वाटेला लागलो आणि पुन्हा मेली. आम्ही परत फिरलो तेव्हा तो कंटाळला होता. म्हणाला, “काकाजी, दूसरी टंकी का झंझट ही काहे को पालते हो? बंद कर देता हूँ। एक से चल तो रही है।”

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी मागे पोत्यावर बसले होते आणि ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.  तुझ्या बाबांनी आपला पाना उचलला, बाकाखाली ठेवला आणि गाडी थोरलीवर घेतली. फाटक ओलांडल्यावर मागे मान वळवून एवढंच म्हणाले, “बंद नाही करत मी.”

त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे तुला सांगितलं नव्हतं. उजव्यानंही कमीच येतं. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून तसं झालं. तू आलीस की हळू बोलू नकोस, नाहीतर ते नुसतं हं म्हणतात आणि आपल्याला वाटतं ऐकलं. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

परवा दुपारी जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, चल, समोर बस. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, मी खाली उतरून नळी पाहीन, तू आतून तोटी फिरवायची. एवढ्या वर्षांत मी त्या बाकावर पहिल्यांदा बसले. उंच असतं गं तिथं. रस्ता आपल्या अंगावर धावून येतो असं वाटतं. तू तिथून काय काय पाहत होतीस ते मला तेव्हा कळलं. त्यांनी तोटी धाकलीकडे घेतली आणि आम्ही तलावाच्या पाळीवरून निघालो. मोठ्या मोहाच्या झाडाशी आल्यावर गाडीनं नेहमीसारखा खोकला काढला आणि मेली. ते उतरले. मीही उतरले, उन्हात बसून काय करायचं म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाळीवर एकदम शांत झालं होतं. पाण्यात दोन बगळे. त्यांनी सवयीनं धाकलीचं झाकण फिरवलं, आणि मला आवाज आला. लहान मूल खूप रडून थकतं आणि मग मोठा श्वास आत ओढतं, तसा. सुस्स करून.

मी विचारलं, आवाज कसला झाला? ते म्हणाले, कसला आवाज? तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना तो आजवर ऐकूच आलेला नाही. श्यामलालच्या दुकानात तर ठोकाठोकीत कोणालाच ऐकू आला नसता. मी म्हटलं, झाकण लावा, पुन्हा थोडी चालवा. त्यांनी ऐकलं. सांडव्याशी गाडी पुन्हा मेली. मी कान टाकीशी नेला आणि म्हटलं, आता उघडा. पुन्हा तोच आवाज. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. मी त्यांचा हात धरून झाकणाच्या फटीवर ठेवला. त्यांनी झाकण परत घट्ट केलं, पुन्हा गाडी दमेपर्यंत चालवली, पुन्हा उघडलं, आणि या वेळी त्यांच्या बोटांना ती ओढ लागली.

मग आम्ही दोघं थोरलीकडे गेलो आणि तिचं झाकण पाहिलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. तुझ्या पद्धतीचं कुंकू केव्हाच झडून गेलं होतं. धाकलीचं झाकण हातात घेतलं तर भोक नाही. होता तो माझा शेंदूर, वाळून दगड झालेला, अक्षतांसकट. श्यामलालनं हवा शिरू नये म्हणून सांध्यांना लावला तोच शेंदूर, तेच जवसाचं तेल. पेट्रोल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यायला हवी. माझ्या शेंदरानं ती वाट बुजवली होती. झाकण उघडलं की टाकी श्वास घ्यायची आणि चालायची, लावलं की गुदमरायची. काठीचा काही गुण नव्हता.

मला वाटलं आता रागावतील. एवढे दिवस मातीत लोळले होते ते. त्यांनी झाकण माझ्यासमोर धरलं, बोटानं शेंदूर दाखवला आणि म्हणाले, “अवो, तिच्या नाकावरच लिपलास तू. श्वास कुठून घेईन थे?” आणि हसायला लागले. प्रेमिला, तू सासरी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळे पुसत होते. पाळीवरच्या बाभळीचा एक काटा मोडून आणला आणि मांडी घालून बसले, नि भोक मोकळं केलं. शेंदूर सगळा काढू का, मी विचारलं. नको म्हणाले, नाक तेवढं उघडं केलं, कपाळाचा राहू दे. मग आम्ही धाकलीवर आमगावच्या रस्त्याला लागलो आणि बराच पुढे जाऊन परत आलो. एकदाही खोकली नाही. भैयालालभाऊ ओट्यावर होते, ओरडले, “मानली का धाकली?” तुझ्या बाबांना ते ऐकू आलं नाही. मीच मान हलवली.

गाडी अंगणात लावली तरी ते उतरले नाहीत. हात चाकावर तसेच ठेवून समोर पाहत राहिले. मीही उतरले नाही. आणि मग ते जे बोलले त्यासाठी हे सगळं पत्र आहे. “पोरगी नाही म्हनाली नोयती,” ते म्हणाले. “जावयानं पुरं सांगतलं, मीच तुले अर्धं सांगतलं. थे म्हनते, बोलावणं मावशीनं करावं, ओटी मावशीनंच भरावी. नाहीतं मी इथंच राहतो.” मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, “सांगून केलेलं बोलावणं थे कायचं बोलावणं. तू आपल्या मनानं करशीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो. आता दिवस नाही उरले.” प्रेमिला, मी मनानं तुला रोज बोलावत होते. पण ज्या बाईची स्वतःची ओटी रिकामी, तिनं पहिलटकरणीच्या ओटीला हात लावू नये, हे मी मुलगी होते तेव्हापासून ऐकत आले. म्हणून तुझ्या हळदीला मी चुलीपाशी बसले. म्हणून परवा गाईलाही हात लावला नाही. माझ्या हातानं तुझं काही वाईट होऊ नये, एवढंच मनात होतं. आणि तू तिकडे बसून म्हणतेस की त्याच हातांनी भर. तर हे माझं बोलावणं. बाबांनी सांगितलेलं नाही, ते गोंदियाला आहेत. मी माझ्या मनानं लिहिते आहे. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र वाचून दाखव. माझ्या हाताबद्दल त्यांच्या मनात किंतु असला, तर ओटी त्यांनी भरावी, मी शेजारी उभी राहीन. पण न्यायला मीच येणार. पुढच्या गुरुवारी सकाळी निघतो, दोन्ही टाक्या भरून. हौद्यात नवं तणीस घालते, त्यावर गोधड्या. तुला निजवलं तर मी तुझ्या उशाशी बसेन, आणि बसून यावंसं वाटलं तर समोर बाबांच्या शेजारी तू, पलीकडे मी. बाक लांब आहे, तिघं मावतो, मी परवा बसून पाहिलं. फळीवरचा डबा खाली काढते आहे. आणि पदराला चिंच बांधून येते. गाठ तूच सोड.

तुझीच,
मावशी